शनिवारची शाळा आणि शक्तिमान

शनिवारी सकाळी शाळा भरवायची हे ज्या कोणाच्या डोक्यातून निघालं त्याच्या घरी टीव्ही नसणार, शंभर टक्के.

१३ सप्टेंबर १९९७ ला दूरदर्शनवर शक्तिमान ही सुपरहिरोची सिरीयल सुरू झाली तो शनिवारच होता. गणपतीचे दिवस, सोमवारी विसर्जन, आणि आमच्या लालबागच्या चाळीत मंडळाच्या लायटिंगचा लोड येऊन फ्यूज उडालेला. मी दप्तर पाठीवर नाचवत धापा टाकत घरी आलो आणि टीव्हीच्या बंद काचेत स्वतःचंच घामट तोंड बघत बसलो. झाला माझा पहिला एपिसोड.

त्यानंतरचा प्रत्येक शनिवार म्हणजे परीक्षाच. शनिवारी पीटी, म्हणजे पांढरा युनिफॉर्म आणि ते कॅनव्हासचे बूट ज्यांच्यावर शुक्रवारी रात्री ओला खडू घासायचा. शाळा सुटायला आणि सिरीयल सुरू व्हायला एकच गाठ पडायची आणि नेमकं तेव्हाच पीटीच्या सरांना आमचं विश्राम आवडायचं नाही. परत सावधान. परत विश्राम. एक पोरगं डुलतंय म्हणून सगळी रांग परत सावधान. घंटा झाली की असे सुटायचो की पायातला खडू उडून मागे धूर दिसायचा. पण एक सोय होती, तेव्हा बहुतेक घरांत दूरदर्शनच, त्यामुळे गल्लीत शिरलं की एका खिडकीतून टायटल साँग, दुसरीतून गंगाधरचं (म्हणजे वेष पालटलेल्या शक्तिमानचं) तोंड भरून स्वतःचं नाव, पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री, आणि ते नाव एवढं लांब की शास्त्रीपर्यंत मी दोन जिने चढलेलो असायचो. डायलॉग सगळे कानावर पडायचे, नुसतं चित्र बघायचं राहायचं.

घरी पोचलं की अँटेना. ती गॅलरीच्या कठड्याला बांधलेली आणि तिच्यावर हमखास शेजारच्या काकूंचा टॉवेल. दादा बाहेर, मी आत. "आलं?" "नाही." "आता?" "आलं आलं... गेलं!" सिरीयलमधला व्हिलन किल्विष म्हणायचा अंधेरा कायम रहे, आणि आमच्या टीव्हीवर तो खरंच कायम असायचा.

त्यात टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. शक्तिमानचा ड्रेस मरून आणि सोनेरी आहे हे मला पार्ले-जीच्या पुड्यातल्या स्टिकरवरून कळलं. (सिरीयलचे स्पॉन्सर तेच.) तोपर्यंत मी शाळेत छातीठोकपणे करडा सांगत होतो आणि त्यावरून एकाशी मारामारीसुद्धा केली होती.

आजीचं वेगळंच. शक्तिमान झालेले मुकेश खन्ना दिसले की ती हात जोडायची, कारण तिच्या लेखी ते महाभारतातले भीष्मच. "इतकं वय झालं तरी गरागरा फिरतायत बाई," म्हणायची. आजोबांचा आधी विरोध होता, पण शक्तिमानच्या शक्ती कुंडलिनी जागृत करून, सात चक्रांतून आल्यात हे कळल्यावर तेही खुर्ची पुढे ओढून बसायला लागले. परदेशातल्या हिरोंसारखं कोळी चावून वगैरे नाही, साधना केलीय पोराने, म्हणाले.

आता शक्तिमानचं ते गोल फिरणं. दहा बाय बाराच्या खोलीत एक हात वर करून फिरायचं म्हणजे काय, एकदा फिरून बघा. तिसऱ्या गिरकीला माझं कोपर मांडणीला लागलं आणि हळदीचा डबा उलटला तो थेट आईच्या भिजवलेल्या कणकेत. मी पिवळा, कणीक पिवळी, भिंत पिवळी. आमच्या टीव्हीत जो रंग कधी दिसला नाही तो घरभर झाला. एपिसोडच्या शेवटी पोरं चूक कबूल करून सॉरी शक्तिमान म्हणायची ते आईने चांगलं लक्षात ठेवलेलं. लाटणं हातात घेऊन म्हणाली, "म्हण आता." मी म्हटलं. "जोरात म्हण, त्याला ऐकू गेलं पाहिजे." संध्याकाळी जेवताना पिवळ्या पोळ्या. बाबांनी विचारलं पुरणपोळी का, कोणी काही बोललं नाही.

पुढे सिरीयल रविवारी आली. मुकेश खन्नांनी नंतर मुलाखतीत सांगितलंय की स्लॉटचे पैसे तेच दूरदर्शनला भरायचे आणि रविवारचा भाव शनिवारच्या जवळपास दुप्पट. मला वाटलं सुटलो! पण रविवारी बाबा घरी, मटणाचा वास, मामा-मामी जेवायला, आणि टीव्हीसमोर पेपर वाळत घातल्यासारखा उघडा धरून बाबा. तेव्हा पहिल्यांदा त्या पीटीच्या सरांची आठवण आली. शनिवारी निदान टीव्ही तरी माझा असायचा.

२००५ च्या मार्चमध्ये सिरीयल संपली तेव्हा मी कॉलेजात होतो, कळलंसुद्धा नाही.

मग एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये, दूरदर्शनने परत लावली. आता आम्ही ठाण्याला, मोठा टीव्ही, शक्तिमान एकदम मरून. लेक शेजारी बसली. पाच मिनिटं बघून म्हणाली, "बाबा, हा उडतोय की मागचे ढग सरकतायत?" मी म्हटलं गप बघ. दहाव्या मिनिटाला तीच उठली, एक हात वर केला आणि हॉलमध्ये गरागरा फिरायला लागली.

आतून आई ओरडली, "मांडणी सांभाळ गं!"

मांडणी कुठली, मॉड्युलर किचन आहे आता. तरी आई हळदीचा डबा छातीशी धरून बाहेर आलीच.