केळं खा, केसांत कालवू नका

आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी गटावर एक व्हिडिओ महिन्याभरात तीनदा फिरून आला. त्यातल्या बाईंचं म्हणणं थोडक्यात असं: दुकानातलं कंडिशनर म्हणजे केसांवर प्लास्टिकचा थर. त्यानं केसांचा श्वास कोंडतो, वाढ थांबते, कर्करोगही होतो, आणि आफ्रिकन-अमेरिकन बायकांचे केस लांब होत नाहीत ते याचमुळे. उपाय म्हणून बेकिंग सोड्यानं डोकं धुवायचं आणि अंडं, मेयोनेझ, केळं, खोबरेल तेल कालवून तासभर लावून ठेवायचं. तिसऱ्यांदा आला तेव्हा एका काकूंनी विचारलं, "आमची सून आफ्रिकन-अमेरिकन, नातीचे केस तिच्यावर गेलेत. रविवारी करून बघू का गं?"

काकू, थांबा. मी कंडिशनर बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, माझं घर त्यावर चालतं. तेवढं मनात धरून पुढचं वाचा.

आधी ते "वाढत नाहीत". वाढतात. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत आफ्रिकी वंशाच्या लोकांचे केस रोज सरासरी 0.256 मिलिमीटर वाढले, गोऱ्यांचे 0.396. वेग कमी खरा, पण वर्षाला नऊ सेंटीमीटर होतातच. मग जातात कुठे? काही वेटोळ्यांत लपतात. नातीची एक ओली बट हलकेच ओढून बघा, कानापाशी दिसणारी बट पार खाली येईल. उरलेले तुटतात. हा केस आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर गोल नसतो, चपटा लंबगोल दिसतो, आणि जिथे जिथे वळतो तिथे तिथे कच्चा असतो. टाळूचं तेल सरळ केसावरून घसरत खालपर्यंत जातं, इथे ते पहिल्या काही वळणांतच अडकतं. कोरडी टोकं एकमेकांत गुंततात, आपण वरून फणी घालतो आणि केस तुटून हातात येतो.

कंडिशनर आहे ते या फणीसाठी. ओल्या केसावर ऋण विद्युतभार असतो, झिजलेल्या जागी जास्त. कंडिशनरमधले बेहेनट्रायमोनियम, सेट्रिमोनियम असे घटक धनभारित असतात, म्हणून ते पाण्यात वाहून न जाता केसाला धरून बसतात, तेही जिथे गरज आहे तिथे अधिक. त्यांच्या जोडीला सीटाइल किंवा सीटेअरिल अल्कोहोल असतं. व्हिडिओतल्या बाईंनी बाटलीवरच्या याच नावावर बोट ठेवून "बघा, दारू!" म्हटलंय. माझ्या टेबलावर त्याची बरणी आहे. पांढरे दाणे, साबुदाण्यापेक्षा थोडे मोठे, बोटांत चोळले की मेणासारखे लागतात. केस कोरडे करणारं स्पिरिट निराळं. आडनाव एक म्हणून स्वभाव एक होत नाही.

श्वासाचं काय? टाळूबाहेर आलेला केस निर्जीव असतो, तो श्वास घेत नाही. मुळाला प्राणवायू रक्तातून मिळतो. "प्लास्टिक" म्हणजे त्यांना सिलिकोन म्हणायचं असावं, आणि इथे त्यांच्या बोलण्यात चिमूटभर तथ्य आहे: पाण्यात न विरघळणारं सिलिकोन, उदाहरणार्थ डायमेथिकोन, कधीच शाम्पू न करता नुसत्या कंडिशनरनं केस धुणाऱ्यांच्या केसांवर साचतं आणि केस जड, निस्तेज होतात. अधूनमधून शाम्पू केला की निघतं. बाकी फणी सुळकन फिरवायला त्याच्या तोडीचं फार थोडं आहे.

कर्करोगाची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी ऑक्टोबर 2022 मध्ये 33,497 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. केस सरळ करणारी रसायनं कधीच न वापरणाऱ्या स्त्रियांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण अंदाजे 1.64 टक्के, तर वारंवार वापरणाऱ्यांत 4.05 टक्के निघालं. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही, तरी आकडा गंभीर आहे. आणि ही रसायनं कृष्णवर्णीय स्त्रियांत जास्त वापरली जातात, म्हणून त्यांच्यासाठी अधिकच. पण तो आकडा रिलॅक्सर, स्ट्रेटनर या केस सरळ करणाऱ्या रसायनांचा आहे. व्हिडिओत तोच उचलून कंडिशनरच्या माथी मारलाय.

मजा म्हणजे त्याच बाई डोक्याला सोडा लावायला सांगतात. सोड्याच्या पाण्याचा पीएच (आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा, 7 च्या वर अल्कली) 8 च्या वर, टाळूचा 5.5 च्या आसपास. अल्कलीनं केसावरचे खवले उचलले जातात, केस फुगतो, खरखरीत होतो. जो केस आधीच तुटतो त्याला हे कशाला?

आता कालवण. अंड्यातली प्रथिनं केसात शिरायला फार मोठी असतात. बाटलीत असतात ती हायड्रोलाइज्ड, म्हणजे तोडून बारीक केलेली. शिवाय गरम पाण्यानं धुतलंत तर केसांत भुर्जी होते, हे चेष्टेनं म्हणत नाही. मेयोनेझ म्हणजे मुख्यतः तेल, थोडा बलक आणि व्हिनेगर, त्यामुळे थोडा बुळबुळीतपणा येतो. पण इथल्या कितीतरी मेयोनेझच्या बरण्यांवर ईडीटीए (धातूंचे अंश बांधून ठेवणारा, माल टिकवायला घालतात तो पदार्थ) लिहिलेलं असतं. तोच पदार्थ कंडिशनरच्या बाटलीवर दिसला की विष होतो! केळ्याबद्दल स्वानुभव सांगते. विद्यार्थीदशेत रूममेटच्या घट्ट कुरळ्या केसांना आम्ही केळं लावलं होतं. ते चोथ्यासकट वेटोळ्यांत वाळलं आणि दोन तास मी एकेक कण नखानं काढत बसले. कंडिशनरनंच सुटलं शेवटी.

खोबरेल तेलावर मात्र मी वाद घालणार नाही, घातला तर आई घरात घेणार नाही. 2003 साली मुंबईच्या मॅरिकोच्या संशोधकांनी दाखवलं की खोबरेल केसात मुरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलानं तसं झालं नाही. कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे खरं, पण कारण पटण्यासारखं आहे: त्यातल्या लॉरिक आम्लाचा रेणू छोटा आणि सरळ. तेव्हा धुण्याआधी लावा. ते कंडिशनरच्या जागी मात्र चालणार नाही, कारण तेलात पाणी नसतं आणि फणीपुढे ते तितकं टिकत नाही.

घरी करायचंच असेल तर नीट करा. शंभर ग्रॅमला 83 ग्रॅम डिस्टिल्ड पाणी, 3 ग्लिसरीन, 5 बीटीएमएस (बेहेनट्रायमोनियम मेथोसल्फेटचे दाणे, ऑनलाइन मिळतात), 4 सीटेअरिल अल्कोहोल, 4 खोबरेल, 1 प्रिझर्व्हेटिव्ह. पाणी-ग्लिसरीन एका भांड्यात, दाणे आणि तेल दुसऱ्यात, दोन्ही 75 अंश सेल्सिअसपर्यंत तापवा, एकत्र करून घोटत राहा. 40 अंशांखाली आलं की प्रिझर्व्हेटिव्ह. पाण्यात विरघळवलेल्या सायट्रिक आम्लाच्या थेंबांनी पीएच साडेचारच्या आसपास आणा. प्रिझर्व्हेटिव्ह वगळू नका. पाणी असलेली वस्तू त्याच्याशिवाय ताकासारखी नासते, फक्त वास उशिरा येतो.

विकत घेणार असाल तर मागच्या यादीत पहिल्या पाच-सहा नावांत बेहेनट्रायमोनियम किंवा सेट्रिमोनियम आणि सीटेअरिल अल्कोहोल शोधा. सुरुवातीला नुसतं शिया बटर (शियाच्या बियांची घट्ट चरबी) आणि तेलंच असतील तर ते ओल केसात कोंडून ठेवायला चांगलं, ओलसर केसांवर सगळ्यात शेवटी लावायचं. केसांचे चार-सहा भाग करा, ओल्याचिंब केसांत कंडिशनर, आधी बोटं, मग मोठ्या दातांची फणी, टोकाकडून वर. आपण मुलींच्या वेण्या घालताना वरून खाली ओढतो तसं नको.

आणि काकू, सूनबाईंच्या बाथरूममध्ये एखादी बाटली असणारच. मागच्या बाजूचा फोटो काढून मला पाठवा, रविवारच्या आत बघते.