थुंकायला का लावलंत त्याला?

आज सकाळी दूध आणायला खाली उतरले तर तळमजल्यावरचा मुलगा आमच्या जांभळाखाली उभा. सात वर्षांचं पोर. दोन्ही मुठी भरलेल्या, ओठ जांभळेशार. समोर सोसायटीतले एक काका. "घाण आहे ती. थुंक आधी. थुंक!" पोर थुंकलं. मुठीतली जांभळं खाली टाकली, हात चड्डीला पुसले आणि घरात पळालं.

दुपारी ग्रुपवर मेसेज. पांढऱ्या गाडीच्या टपावरच्या डागांचे तीन फोटो आणि खाली, झाडाचा कायमचा बंदोबस्त करावा. त्यावर सतरा अंगठे. सतरा! यातले निम्मे लोक दर रविवारी सिंहगडावर जातात, पायथ्याशी मावशींकडून द्रोणभर करवंदं घेतात आणि फोटो टाकतात. तिथलं रानातलं आणि दारातली घाण?

मला दिवसभर आजी आठवतेय.

१९८६चा मे महिना. आम्ही पुण्यात नळ स्टॉपजवळ राहायचो. आजी आम्हा चार भावंडांना पहाटेच उठवायची, दूध प्यायला लावायची आणि लॉ कॉलेजच्या टेकडीवर न्यायची. तिच्या हातात कडीचा डबा. वर करवंदीच्या जाळ्या होत्या. करवंदीचा काटा दुतोंडी असतो, हात आत घालताना एका बाजूनं चुकवला तरी दुसऱ्या बाजूनं ओरखडतोच. आजी पदर हाताला गुंडाळून फांदी वाकवायची आणि आम्ही तोडायचो. देठातून पांढरा चीक यायचा, बोटं एकमेकांना चिकटायची. तोंडात टाकण्याआधी विचारायचं, कोंबडा की कोंबडी? अर्धं चावून बघायचं. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. हरणाऱ्यानं आपल्या वाट्याचं एक द्यायचं. एका जाळीवर आजी दहा मिनिटांच्या वर थांबू द्यायची नाही. "बुलबुलांना काय ठेवाल?" एवढंच म्हणायची आणि पुढे निघायची.

उतरताना रस्त्याकडेला जांभळाचं झाड लागायचं. खाली सडा. त्यातली न फुटलेली तेवढी वेचायची, घरी येऊन मिठाच्या पाण्यात टाकायची. खाऊन झालं की आजी आम्हाला ओळीनं उभं करायची. जीभ दाखव. ज्याची सगळ्यात जांभळी त्याची सरशी. मग खोबरेल लावून बोटांचा चीक काढायची, कारण तो साबणानं निघत नाही.

चाळीस वर्षं होत आली. तेव्हा जीभ दाखव म्हणणारं माणूस होतं, आज थुंक म्हणणारं आहे. मला राग येतोय तो याचा. डागांचा नाही.

हो, गाड्या खराब होतात, मान्य. जांभूळ वाळलं की डाग लवकर निघत नाही. त्याच दिवशी बादलीभर पाणी मारलं तर निघतो, हेही लिहायला हवं होतं ना कुणीतरी? हा प्रकार चालतो किती दिवस? तीन आठवडे, फार तर चार. मार्चच्या सुमाराला फुलोरा येतो, पावसाच्या तोंडावर फळ पिकतं, आणि पिकलं की दोन दिवससुद्धा टिकत नाही. म्हणून तर बाजारात महाग. आणि हे झाड तुमच्या डोक्यावर फुकट ओतत असताना तुम्ही बंदोबस्त करणार! शहरातल्या झाडांसाठी १९७५ पासून कायदा आहे, महापालिकेच्या परवानगीशिवाय कुऱ्हाड लावता येत नाही. ग्रुपवर कळवलंय मी तसं. कुणी उत्तर दिलेलं नाही.

जरा चहा पिऊन आले.

काकांचं वय झालंय, त्यांच्या नातवाचं पोट मागच्या महिन्यात बिघडलं होतं, त्यामुळे घाबरले असतील. तेवढं समजू शकते. मातीत पडलेलं धुवून खावं, यात वादच नाही. पण मग धुवून दे ना त्याला! नळ चार पावलांवर आहे.

पुण्यात उन्हाळा म्हणजे नुसता घाम आणि टँकर नाही हो. बहावा पिवळाधमक होतो. माठात वाळ्याची जुडी पडते. मुळशी, वेल्ह्याकडच्या बायका पाटीत करवंदं घेऊन येतात, पानावर वाटे लावतात. विलायती चिंचेचे गुलाबी आकडे असतात, कुंपणावरची तुती तर बाहेर लोंबतच असते. टेकड्यांवर गिरिपुष्पाच्या झाडांची गर्दी झालीये, करवंदीच्या जाळ्या आजीच्या वेळेइतक्या राहिल्या नाहीत, हे रोज चालणाऱ्याला दिसतं. लोक पिशव्या भरभरून ओरबाडतात, तेही दिसतं. तिथे पाखरांसाठी सोडून यावंच. पण दारातलं झाड? ते तर त्या पोराच्या हाताशी आहे. त्यासाठी त्याला टेकडी चढायला नको की पहाटे उठवणारी आजी नको.

आजी गेली त्या वर्षी जूनमध्ये तिच्या कपाटातून एक पांढरं लुगडं निघालं. पदरावर जांभळे ठिपके, न निघालेले. आईनं ते धुवायला टाकलं नाही. अजून आहे माझ्याकडे.

संध्याकाळी तळमजल्यावर जाऊन आले. पोर आधी दाराआडूनच बघत होतं. त्याच्या आईला विचारलं, उद्या त्याला माझ्याबरोबर पाठवाल का. ती म्हणाली, "ताई, पुन्हा कुणी बोललं तर?" मी म्हटलं, मी उभी आहे.

तर सोसायटीतल्या ज्यांनी अंगठा दिला नाही त्यांच्यासाठी : उद्या सकाळी सहा वाजता झाडाखाली. जुनी चादर मी आणतेय, चार कोपरे धरायला चार माणसं लागतील. खालच्या फांद्या हळू हलवायच्या, शेंड्याकडे जायचं नाही, तिथली वटवाघळांची आणि पाखरांची. येताना डबा आणा. आमची गाडी मी आताच बाहेर रस्त्यावर लावून आलेय, ती जागा पांढऱ्या गाडीला पाऊस पडेपर्यंत मोकळी आहे. मीठ माझ्याकडे आहे.