करवाल्याला फसवा, असं तालमूद सांगतो का?

एकच मजकूर मला दोनदा आला. पहिल्यांदा जुन्या शेजाऱ्याकडून, आरोप म्हणून: ‘बघ, तुमच्या ग्रंथात काय लिहिलंय.’ दुसऱ्यांदा इस्रायलमध्ये लोदला स्थायिक झालेल्या चुलतभावाकडून, सवलत म्हणून: ‘बघ, आपल्याला चालतं.’ मजकूर थोडक्यात असा. कर घेणाऱ्यासमोर खोटं बोललं तरी दोष नाही, असं तालमूदमध्ये, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या चर्चाग्रंथात, स्पष्ट आहे. राजा परधर्मी असेल तर त्याचा कर बुडवणं ही चोरी नव्हे. इस्रायलमध्ये तर ‘राज्याचा कायदा’ हा नियमच लागत नाही. आणि सरकार पैसे उधळत असेल तर द्यायचे कशाला?

मी बेने इस्राएल आहे, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून कोकणात आमच्या लोकांना शनिवार तेली म्हणत. तेल मापून विकणाऱ्यांच्या घरात ‘खरी तागडी, खरी वजनं’ हे बायबलच्या लेवीय पुस्तकातलं वचन मुलांच्या कानावर लवकर पडतं. त्यामुळे हा मजकूर वाचून मला राग आला, आणि शेजाऱ्यापेक्षा भावाचा जास्त आला. उत्तर मात्र दोघांना एकच आहे.

आधी ते वचन. ते खरोखर आहे. इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या, तालमूदचा गाभा असलेल्या मिश्नामध्ये ‘नदारीम’ नावाचं नवस-शपथांचं प्रकरण आहे. त्याच्या तिसऱ्या अध्यायात म्हटलंय की खुनी, लुटारू आणि जकात वसूल करणारे यांच्यापुढे माणसाने ‘हा माल याजकांचा आहे’ किंवा ‘हा राजघराण्याचा आहे’ असा नवस बोलला तर चालेल, माल तसा नसला तरी. फॉरवर्ड इथे संपतो. जकातवाला कोणाच्या ओळीत उभा केलाय, हे त्यात कोणी पाहत नाही. गळ्यावर सुरी आलेल्या माणसाने काय बोलावं, याची ही चर्चा आहे. त्यातही एकमत नव्हतं: शम्माईचा संप्रदाय म्हणत होता की नवस चालेल, पण शपथ नाही.

आणि मुख्य गोष्ट म्हणजे तालमूदला स्वतःलाच हे वाक्य खटकलं. त्याच पानावर लगेच प्रश्न येतो: हे कसं चालेल? शमुएलने तर म्हटलंय, ‘दिना दे-मल्खुता दिना’, राज्याचा कायदा हाच कायदा! हा शमुएल तिसऱ्या शतकात बाबिलोनियातल्या नहारदेआ गावचा, इराणच्या सासानी राजवटीखाली राहणारा. म्हणजे ज्या राजाचा कायदा तो बंधनकारक ठरवत होता, तो राजा ज्यू नव्हताच. त्याचं हे वाक्य तालमूदमध्ये एकदा नाही, चार ठिकाणी येतं.

प्रश्नाला दोन उत्तरं दिली आहेत. एक: मिश्ना बोलते ती ज्याच्या वसुलीला मर्यादाच नाही अशा जकातवाल्याबद्दल. दुसरं: जो कोणाच्या हुकमाशिवाय, आपल्याच मनाने नाक्यावर उभा राहिलाय, त्याच्याबद्दल. रोमन अमलात वसुलीचा मक्ता दिला जाई. मक्तेदार सरकारात ठरलेली रक्कम भरणार आणि लोकांकडून जमेल तेवढी उकळणार. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती बोली लावून दिल्या जात, तेव्हा रयतेचं काय झालं ते ज्यांनी वाचलंय त्यांना हा माणूस ओळखता येईल. ठरलेला दर, पावती आणि वर अपील असलेल्या आजच्या करखात्याला त्याच्या जागी बसवायचं, तर तालमूदची दोन्ही उत्तरं पुसून टाकावी लागतील.

एक अडचणीची जागा आहे, ती मी झाकणार नाही. ‘बावा कामा’ या दुसऱ्या प्रकरणात हीच चर्चा येते तेव्हा रव आशी तिसरं उत्तर देतात: तो जकातवाला परका असेल. आरोप करणारे इथे बोट ठेवतात. त्यांनी पुढच्या चार ओळी वाचाव्यात. रब्बी अकिवा म्हणतात, परक्याशीही असले डावपेच करायचे नाहीत, कारण त्याने देवाच्या नावाला बट्टा लागतो. त्यावर तालमूद आणखी खोदतो: म्हणजे नावाला बट्टा लागत नसेल तर परक्याला लुटायला मोकळीक आहे की काय? आणि अकिवांचीच शिकवण पुढे ठेवतो की परक्याची लूट निषिद्धच आहे. मक्तेदार परका असेल तेव्हाच्या काही सवलती नंतरच्या ग्रंथांतही नोंदलेल्या आहेत, पण त्या त्या मक्तेदाराच्या खासगी येण्याबद्दल आहेत. राजाच्या कराबद्दल नाहीत.

राजाच्या कराबद्दल रामबाम, म्हणजे मैमोनिदीस, काय म्हणतात? 12व्या शतकात ते इजिप्तमध्ये मुसलमान राज्यकर्त्यांच्या दरबारी वैद्य होते. त्यांच्या ‘मिश्ने तोरा’त लूट आणि हरवलेल्या वस्तूंच्या नियमांत, पाचव्या अध्यायात आहे: राजाने दर ठरवला, वसुलीला विश्वासू माणूस नेमला, तर त्याची जकात चुकवणारा राजाच्या वाट्याची चोरी करतो, मग राजा इस्राएली असो वा परधर्मी. ‘राजा परधर्मी असेल तर’ हा फॉरवर्डचा दुसरा मुद्दा इथेच पडतो. 16व्या शतकातला ‘शुल्हान आरुख’ हा ज्यू नियमांचा संग्रह हाच नियम पुढे नेतो.

रामबामांनी त्याच अध्यायात राजालाही बांधून ठेवलंय. सर्वांना सारखा लागू असलेला हुकूम हा कायदा. एकट्या माणसाकडून नियमाबाहेर ओरबाडलेलं धन ही लूट. युरोपात ज्यूंवर मनमानी कर लादले गेले, त्या काळात ही ओळ किती जपली गेली असेल, याची मला कल्पना करता येते. म्हणून जुन्या कागदांत करवाल्यांविषयी कडवटपणा सापडला तर त्यात नवल नाही. रोमन पूल बघून रब्बी येहूदा म्हणाले, किती छान कामं केली यांनी. रब्बी शिमोन बार योहाय म्हणाले, पूल बांधले ते जकात घ्यायला. हा संताप खरा आहे. पण संतापाचा नियम झाला नाही.

खोटं बोलण्याविषयी एक वाक्य राहिलं. समोरच्याची समजूत चोरणं, म्हणजे त्याला भुलवणं, निषिद्ध आहे, समोरचा मूर्तिपूजक असला तरी. ‘हुल्लीन’ प्रकरणातलं हे वचन कोणाचं? त्याच शमुएलचं. खोटी बिलं किंवा दोन वह्या यांना वेगळा निवाडा लागत नाही. कायद्यानेच दिलेली वजावट घेणं ही निराळी गोष्ट, तिला कोणी चोरी म्हणत नाही.

आता भावाचा मुद्दा, इस्रायलचा. याला थोडा आधार आहे. 14व्या शतकात बार्सिलोनाचे रब्बी निस्सीम यांनी जुन्या टीकाकारांचं मत दिलंय की जमीन राजाची असते म्हणून त्याचा कायदा चालतो. इस्राएलच्या भूमीत सगळेच इस्राएली वाटेकरी, म्हणून तिथल्या इस्राएली राजाला तो अधिकार नाही. पण राशी या प्रसिद्ध टीकाकाराचे नातू रश्बाम त्याच्या दोनशे वर्षं आधी वेगळं कारण देऊन गेले होते: राज्यातले सगळे लोक राजाचे नियम आपखुशीने स्वीकारतात. लोकांनीच निवडलेल्या सरकारला हे कारण जास्त लागू पडतं. इस्रायलचे प्रमुख सेफार्दी रब्बी राहिलेले ओवादिया योसेफ यांनी ‘येहावे दाअत’ या आपल्या निर्णयांच्या ग्रंथात थेट निर्णय दिला आहे की नियम इस्रायललाही लागू आहे आणि कर भरलाच पाहिजे. न्यूयॉर्कला रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी धार्मिक शिक्षणाच्या शाळांसाठीसुद्धा खोटी माहिती देऊन सरकारी पैसा घेऊ नये, असं लिहून ठेवलंय. चुलतभावाला लोदमध्ये हिब्रू येतं, ‘येहावे दाअत’ तिथल्या सभास्थानाच्या कपाटात मिळू शकेल.

राहिलं उधळपट्टीचं. सरकार पैसा वाया घालवतं ही तक्रार मी हलकी मानत नाही, पण बुडवलेला कर सरकारच्या खिशातून जात नाही. मध्ययुगात राजा पुष्कळदा ज्यू वस्तीवर एकरकमी कर बसवे आणि वस्ती तो आपसांत वाटून घेई. एकाने मिळकत लपवली की त्याचा वाटा शेजारच्या विधवेच्या माथी. म्हणून वस्त्यांनी मिळकत सांगताना शपथ घ्यायला लावली, लपवणाऱ्यावर बहिष्काराची धमकी ठेवली.

आणि पैसा हाताळणाऱ्यांचं काय, हेही मिश्नाने सोडलेलं नाही. यरुशलेमच्या मंदिराच्या खजिन्यात गरीब-श्रीमंत सगळ्यांचा कर, अर्धा शेकेल, जमा होई. तो काढायला आत जाणाऱ्याने दुमडलेल्या काठाचं वस्त्र घालायचं नाही, पायात जोडा घालायचा नाही, असं ‘शकालीम’ प्रकरणात लिहिलंय. उद्या तो श्रीमंत झाला तर लोकांनी म्हणू नये की खजिन्यातून नेलं. बायबलच्या गणना पुस्तकातला आधार दिलाय: परमेश्वरापुढे आणि इस्राएलापुढे निर्दोष राहा. एवढा संशय धरूनही त्या मिश्नाने त्या कारणाने अर्धा शेकेल माफ केला नाही.