टेबलमधली रो फिकी केली म्हणजे ती बंद झाली असं नाही

डेव्हलपरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक सल्ला पुन्हापुन्हा फॉरवर्ड होतो. त्याचा गाभा असा: टेबलमधली रो, म्हणजे एक आडवी ओळ, बंद करायला सीएसएसच्या (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेच्या) दोन ओळी पुरतात, पॉइंटर-इव्हेंट्स नन (माऊसला प्रतिसाद नाही) आणि ओपॅसिटी 0.4 (रो फिकी). निवडीसाठी अख्ख्या रोवर क्लिक लावा, चेकबॉक्स नको. कंट्रोलला, म्हणजे बटण किंवा चेकबॉक्सला, डिसेबल्ड लावलं की बाकीचं ब्राउझर बघतो, आणि एरिया-डिसेबल्ड (aria-disabled) म्हणजे तेच, फक्त पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरसाठी. सिलेक्ट ऑल म्हणजे एक साधा लूप.

यातलं प्रत्येक वाक्य माऊस घेऊन बसलेल्या माणसासमोर खरं वाटतं, म्हणूनच ते टिकून आहे. पण हे टेबल वापरतो कोण ते बघा. समजा, नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या एका अडत्याच्या गादीवर संत्र्याच्या लॉटचं टेबल उघडं आहे. एका पानावर 25 रो. प्रत्येक रोत लॉट क्रमांक, शेतकऱ्याचं नाव, वजन, हर्रासात लागलेला भाव आणि शेवटी ‘पट्टी काढा’ हे बटण (पट्टी म्हणजे शेतकऱ्याला द्यायची विक्रीच्या हिशेबाची पावती). यातल्या 7 लॉटची पट्टी निघून गेली आहे, त्यांना आता हात लावायचा नाही. उरलेल्या 18 मधून दिवाणजी हवे ते निवडणार.

‘पॉइंटर-इव्हेंट्स नन लावलं की रो बंद’

माऊस आणि बोट बंद होतं, एवढंच. कीबोर्डला हा नियम लागूच नाही. टॅब दाबत गेलं की फोकस त्या फिक्या रोमधल्या बटणावर बिनदिक्कत पोचतो, एंटर दाबला की बटण चालतं, आणि एका लॉटची दुसरी पट्टी निघते. दिवसभर आकडे भरणारा माणूस माऊस फारसा वापरत नाही, त्यामुळे हा अपवाद नाही, रोजचा वापर आहे.

शिवाय दोन गोष्टी सोबत बिघडतात. त्या रोवर कर्सर नॉट-अलाउड लावला असेल तर तो दिसत नाही, कारण कर्सर त्या घटकापर्यंत पोचतच नाही, मागच्या घटकाचा दिसतो. आणि ‘का बंद आहे’ हे सांगायला ठेवलेली टूलटिप त्याच कारणाने उघडत नाही.

काही जण यावर टीआरलाच, म्हणजे रोच्या एचटीएमएल टॅगलाच, डिसेबल्ड लिहितात. एचटीएमएलमध्ये हा गुणधर्म बटण, इनपुट, सिलेक्ट, टेक्स्टएरिया, ऑप्शन, ऑप्टग्रुप, फील्डसेट आणि फॉर्मशी जोडलेल्या कस्टम घटकांनाच आहे. टीआरवर लिहिलं तर चूकही दिसत नाही आणि कामही होत नाही. मग कोणी रोमधल्या टीडींभोवती (खान्यांभोवती) फील्डसेट, म्हणजे कंट्रोलांचा गट बांधणारा टॅग, घालतो. ब्राउझरचा एचटीएमएल वाचणारा पार्सर तो उचलून टेबलच्या बाहेर टाकतो. अख्ख्या टेबलभोवती फील्डसेट चालतो, एका रोभोवती नाही. इनर्ट (घटक पूर्ण निष्क्रिय करणारा गुणधर्म) लावलं तर टॅब नक्की थांबतो, पण ती रो स्क्रीन रीडरसाठी अस्तित्वातच राहत नाही. पट्टी निघालेल्या लॉटचं वजन वाचायला कोणाला बंदी नव्हती.

‘ओपॅसिटी 0.4 ने बंद असल्याचं कळतं’

हिशेब करून बघा. पांढऱ्यावर #333 या रंगाच्या अक्षरांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेडातल्या फरकाचं गुणोत्तर, 12.6 ला 1 असतो. 0.4 ओपॅसिटी दिली की अक्षर जवळजवळ #ADADAD होतं आणि गुणोत्तर 2.2 वर येतं. डब्ल्यूसीएजी हा वेब सुलभतेचा निकष साध्या मजकुराला किमान 4.5 मागतो. ‘बंद कंट्रोलला सूट आहे’ असं उत्तर लगेच येतं. सूट आहे, ती बंद कंट्रोलच्या मजकुराला. लॉट क्रमांक, वजन आणि भाव हा कंट्रोल नाही, तो मजकूर आहे, आणि भावावरून वाद झाला की नेमक्या याच, पट्टी निघालेल्या, रो उघडून बघितल्या जातात. मृग बहाराचा माल उतरत असताना मार्च-एप्रिलच्या उन्हात, गाडीपाशी उभं राहून, मोबाइलवर 2.2 चं अक्षर वाचता येत नाही.

रो पूर्ण वाचता येईल अशी ठेवा. पार्श्वभूमी हवी तर किंचित राखाडी करा. चेकबॉक्सच्या जागी चेकबॉक्सच ठेवू नका, तिथे ‘पट्टी निघाली’ असे दोन शब्द लिहा. जी गोष्ट या पानावर पुन्हा कधीच निवडता येणार नाही, तिथे मेलेला चेकबॉक्स दाखवण्याला आमचा विरोध आहे. तो फक्त ‘कदाचित चालू होईल’ अशी खोटी आशा दाखवतो.

‘अख्ख्या रोवर क्लिक लावा, चेकबॉक्स कशाला’

टीआरवर क्लिक हँडलर (क्लिक झाल्यावर चालणारा कोड) लावला म्हणून टीआर फोकस घेत नाही, स्पेस ऐकत नाही, आणि निवडलं की नाही हे स्क्रीन रीडरला सांगत नाही. चेकबॉक्स हे तिन्ही फुकट करतो. तो ठेवा, त्याला ‘निवडा’ एवढंच नाव न देता ‘लॉट 214 निवडा’ असं पूर्ण नाव द्या, नाहीतर ऐकणाऱ्याला सलग अठरा वेळा ‘निवडा’ ऐकू येतं. दाबायची जागा निदान 24 बाय 24 पिक्सेल ठेवा. साध्या टेबलमध्ये रोला एरिया-सिलेक्टेड लावायची गरज नाही, तो गुणधर्म ग्रिड आणि ट्रीग्रिड या, बाणांच्या कळांनी फिरायच्या, टेबलांमधल्या रोंसाठी आहे. निवडलेली रो रंगवायला टीआरवर :हॅज हा सीएसएस सिलेक्टर वापरून आतल्या चेक्ड इनपुटवरून रंग देता येतो, जावास्क्रिप्ट लागत नाही.

रोवर क्लिक ही सोय म्हणून जरूर द्या, पण इथे एक ठरलेली फजिती आहे. वापरणारा चेकबॉक्सवर क्लिक करतो. ब्राउझर टिक लावतो. तोच क्लिक वर टीआरपर्यंत जातो, तिथला हँडलर निवड उलटवतो. टिक लागते आणि त्याच क्षणी निघते. डोळ्यांना दिसतं की चेकबॉक्स चालतच नाही, बाजूला क्लिक केलं तर मात्र चालतो. यावर घाईघाईत प्रत्येक चेकबॉक्सवर स्टॉप-प्रोपगेशन (क्लिक वर जाऊ न देणं) लावलं जातं, मग पुढे नवीन बटण आलं की तीच बोंब पुन्हा. उपाय एकाच जागी करा: टीआरच्या हँडलरमध्ये आधी इव्हेंट-टार्गेटवर, म्हणजे नेमकं ज्यावर क्लिक झालं त्यावर, क्लोजेस्ट (तिथून वर शोधत जाणारं फंक्शन) चालवून बटण, लिंक, इनपुट, सिलेक्ट किंवा लेबल सापडलं तर तिथूनच परत फिरा.

दुसरी तपासणी मजकूर निवडण्याची. लॉट क्रमांक कॉपी करायला माणूस माऊस ओढतो, बोट सोडताच क्लिक होतो आणि रो निवडली जाते. गेट-सिलेक्शनमध्ये मजकूर असेल तर काहीच करू नका. तिसरी तपासणी रो बंद आहे का याची, आणि ती सीएसएसच्या क्लासवरून नाही, डेटावरून. ‘निवडता येते का’ हे ठरवणारं फंक्शन एकच असू द्या. क्लिक, शिफ्ट धरून केलेली ओळीने निवड, सिलेक्ट ऑल आणि दिसणारा रंग, सगळ्यांनी त्यालाच विचारायचं.

‘डिसेबल्ड लावलं की बाकी ब्राउझर बघतो’

ब्राउझर काय बघतो ते तरी पुरतं माहीत हवं. डिसेबल्ड इनपुट फॉर्मसोबत पाठवलाच जात नाही. आता त्याच टेबलमध्ये ‘तोल झाला’ असा एक चेकबॉक्स रकाना धरा. सात बंद रोंमध्ये तो टिक केलेला आणि डिसेबल्ड आहे. दिवाणजी इतर पाच लॉटवर टिक करून ‘जतन करा’ दाबतात. सर्व्हरकडे पाचच आकडे जातात. सर्व्हरचा कोड ‘जुन्या टिका पुसा, आलेल्या लिहा’ असा असेल, तर सात लॉटचा तोल झाल्याची नोंद गेली. पडद्यावर सगळं जागच्या जागी होतं, त्यामुळे शंका येते ती दुसऱ्या दिवशी. चेकबॉक्सवर रीडओन्ली (फक्त वाचण्यापुरता) चालत नाही, तो मार्ग बंद. एकतर त्याच नावाचा हिडन (पडद्यावर न दिसणारा) इनपुट सोबत ठेवा, किंवा सर्व्हरला सांगा की न आलेली रो म्हणजे न बदललेली रो. दुसरा मार्ग जास्त भक्कम.

आणि सर्व्हरवर तपासणी लागतेच. डेव्हलपर टूल्समध्ये डिसेबल्ड शब्द पुसायला दोन सेकंद लागतात. त्याहून नेहमीचं म्हणजे शेजारच्या संगणकावर दुसऱ्याने मधल्या वेळेत पट्टी काढलेली असते. सर्व्हरने नाकारलेले लॉट क्रमांक परत पाठवावेत, पानाने तेवढेच निवडीतून काढून तसं लिहून सांगावं.

‘एरिया-डिसेबल्ड म्हणजे तेच’

नाही. डिसेबल्ड फोकस काढून घेतो आणि क्लिक अडवतो. एरिया-डिसेबल्ड यातलं काहीच करत नाही, फक्त ‘बंद आहे’ असं सांगतो. अडवायचं काम तुमचं. म्हणूनच तो कधीकधी हवा असतो. टेबलच्या वरचं ‘निवडलेल्यांची पट्टी काढा’ हे बटण काहीच निवडलेलं नसताना एरिया-डिसेबल्ड ठेवा: टॅबने सापडतं, दाबलं की ‘आधी किमान एक लॉट निवडा’ असं सांगता येतं. दाबल्यावर काम चालू असतानाही तेच. बटणाला तेव्हा डिसेबल्ड लावलं तर त्यावरचा फोकस जातो आणि कीबोर्डवाला पानावर हरवतो. मात्र एक भोक लक्षात ठेवा: मूळ सबमिट बटण डिसेबल्ड असेल तर मजकुराच्या खान्यात एंटर दाबून फॉर्म जात नाही, एरिया-डिसेबल्ड असेल तर जातो. अडवणूक बटणाच्या क्लिकवर नको, फॉर्मच्या सबमिटवर हवी.

‘सिलेक्ट ऑल म्हणजे एक लूप’

लूप बरोबर, मोजणी चुकते. निवडलेल्यांची तुलना 25 शी केली तर 18 च्या 18 निवडूनही वरचा चेकबॉक्स कायम अर्धवटच दिसेल, पूर्ण टिक कधी येणार नाही. तुलना निवडता येणाऱ्या 18 शी करा. शून्य असेल तर मोकळा, 18 असेल तर टिक, मधलं काहीही असेल तर इनडिटरमिनेट (अर्धवट), जे एचटीएमएलमध्ये लिहिता येत नाही, जावास्क्रिप्टनेच लावावं लागतं. निवडता येणारी एकही रो नसेल तर वरचा चेकबॉक्स डिसेबल्ड.

निवड रोच्या क्रमांकावर ठेवू नका, लॉटच्या आयडीवर ठेवा. वजनाने सॉर्ट केलं की तिसरी रो दुसराच लॉट होते. फिल्टर लावल्यावर निवडलेले काही लॉट नजरेआड जातात, म्हणून बटणावर आकडा लिहा आणि लपलेले वेगळे सांगा: ‘12 निवडले, त्यातले 4 या यादीत दिसत नाहीत’. पाने अनेक असतील तर ‘या पानावरचे 18’ आणि ‘सगळ्या पानांवरचे’ ही दोन वेगळी बटणं हवीत.

हे टेबल हातात आलं की आधी माऊस बाजूला ठेवा. टॅबने पहिल्या चेकबॉक्सवर जा, स्पेस दाबा, एका बंद रोच्या आधी आणि नंतर फोकस कुठे थांबतो ते बघा. मग वजनाने सॉर्ट करा, एक फिल्टर लावा, पुन्हा काढा, आणि बटणावरचा आकडा तोच राहिला का ते वाचा.