अर्जुन सालीच्या मेसेजबद्दल खुलासा

गेल्या आठवड्यात मीच आपल्या परभणीच्या ग्रुपवर टाकलं होतं, 'अर्जुनाच्या सालीचा काढा घ्या, ब्लॉकेज विरघळतं, गोळ्या बंद', ते चुकीचं हाय, माफ करा. सालीत अर्जुनोलिक ॲसिड असतं अन् औषध देऊन उंदरांच्या हृदयाला इजा केली तवा हे ॲसिड दिलेल्या उंदरांत इजा कमी दिसली, एवढं खरंय, पण नस मोकळी झाली असं त्यात न्हाई. आमच्या मामानं मेसेज वाचून स्टेंट (हृदयाची नस उघडी ठेवणारी जाळी) बसवल्यानंतरची रक्त पातळ करायची गोळीच सोडली, डब्यात सोमवार-मंगळवारचे खण भरलेले बघून माझ्या पोटात गोळा आला, कारण ती अचानक सोडली की स्टेंटमधी गुठळी होऊ शकते. काढा घ्यायचाच तर डॉक्टरला विचारून. छातीत दुखलं तर पातेलं चढवत बसू नका, १०८ लावा. मेसेज पुढं पाठवला असंल तर डिलीट करा अन् तिथं हे टाका.