‘एक वायर बदलायला तीन तास’ या अभिप्रायाला दुकानाचे उत्तर

महोदय,

सप्रेम नमस्कार. आपण आमच्या दुकानाला एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय काल रात्री वाचला. घरातील नेटवर्क स्टोरेज (म्हणजे राउटरला जोडलेली, सर्वांचे फोटो व फायली साठवणारी पेटी) लॅपटॉपवर दिसत नाही म्हणून आम्हाला बोलावले, आम्ही तीन तास वेळ काढून शेवटी एक वायर इकडची तिकडे केली, त्याचे बाराशे रुपये घेतले, दोनच दिवसांत ते पुन्हा दिसेनासे झाले, आम्ही फोन उचलला नाही आणि अखेर आपल्या चिरंजीवांनी पाच मिनिटांत ते चालू केले, असे आपले म्हणणे आहे. दोन दिवसांत तक्रार पुन्हा उद्भवली, याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. ती चूक माझी आहे आणि तिच्याविषयी पुढे लिहिलेच आहे. मात्र ‘वेळ काढला’ हे शब्द मला फार लागले, म्हणून त्या वेळाचा हिशेब देणे भाग आहे.

मी शनिवारी चार वाजून दहा मिनिटांनी आपल्या घरी आलो आणि साडेसहाला निघालो. हे तीन तास होत नाहीत, दोन तास वीस मिनिटे होतात. घरी येऊन काम करण्याचे आमचे शुल्क ठरावीक आहे, ते तासावर नाही, आणि हे फोनवरच सांगितले होते. त्यामुळे वेळ काढून माझा काहीच फायदा होणार नव्हता. उलट त्या संध्याकाळी इंदिरानगरचे एक काम मला रविवारवर ढकलावे लागले.

आल्याबरोबर मी विचारले होते, की अलीकडे घरात काही बदलले आहे का. ‘काहीही नाही’ असे उत्तर मला तीनदा मिळाले. स्टोरेजवरचे दिवे नेहमीप्रमाणे हिरवे होते, दोन्ही डिस्क निरोगी होत्या आणि टीव्हीवर त्यातले फोटो व्यवस्थित दिसत होते. अडत होते ते फक्त लॅपटॉपचे आणि मोबाइलचे. घरातील प्रत्येक उपकरणाला राउटर एक क्रमांकाचा पत्ता देतो. लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१.७ असा होता, तर स्टोरेजच्या पडद्यावर १९२.१६८.०.१०५ असा दिसत होता. मधला तो १ आणि ० हा फरक दिसायला क्षुल्लक, पण त्याचा अर्थ एकाच घरात दोन वेगळी बिऱ्हाडे थाटली गेली आहेत असा होतो. मग टीव्हीच्या मागचे शोकेस पुढे ओढले, तेव्हा तेथे जुना राउटर चालू स्थितीत सापडला आणि त्याची वायर दाराजवळच्या नव्या फायबर इंटरनेटच्या बॉक्समध्ये (तोही एक राउटरच) गेलेली दिसली. हा बॉक्स आठवड्यापूर्वी बसवला, हे तेव्हा आपल्या मातोश्रींनी सांगितले. बॉक्स बसवणाऱ्याने सर्वांचे मोबाइल आणि लॅपटॉप नव्या वाय-फायला जोडून दिले, पण टीव्ही आणि स्टोरेज जुन्याच राउटरवर राहिले. इंटरनेट दोन्हीकडे चालू असल्यामुळे कोणालाच शंका आली नाही. जुन्या राउटरच्या आत असलेली वस्तू बाहेर पाहू शकते, बाहेरच्याला मात्र आतले दिसत नाही. टीव्ही आतच होता, म्हणून त्याला फोटो दिसत होते.

तेव्हा वायर बदलली हे खरे आहे, आणि एक नव्हे, दोन बदलल्या. स्टोरेजबरोबर टीव्हीचीही नव्या बॉक्समध्ये आणली. त्याला दोन मिनिटे लागली असतील. कोणती वायर आणि का, हे कळायला जो वेळ लागला, त्यालाच आमच्या धंद्यात काम म्हणतात.

त्यानंतरही लॅपटॉपवर फोल्डर उघडेना, हे आपल्या लिहिण्यात आलेले नाही. आपल्या लॅपटॉपवर विंडोज ११ प्रोची २०२४ची आवृत्ती अपडेटमधून आली होती. ती आवृत्ती पासवर्डाविना, म्हणजे पाहुणा म्हणून, शेअर केलेल्या फोल्डरमध्ये जाऊ देत नाही, आणि आपले फोल्डर तर कित्येक वर्षे तसेच उघडे होते. विंडोजमधील ती सुरक्षा बंद करून मला पाच मिनिटांत मोकळे होता आले असते. पुष्कळ जण तसेच करतात. मी ते केले नाही. स्टोरेजवर आपल्या नावाचे खाते आणि पासवर्ड तयार करण्याचे ठरवले. त्यासाठी स्टोरेजच्या व्यवस्थापक (ॲडमिन) खात्याचा पासवर्ड हवा होता, तो आधी डायरीत, मग कपाटातल्या फायलीत शोधण्यात आला आणि अखेर क्लासला गेलेल्या चिरंजीवांना फोन लागल्यावर मिळाला. यात चाळीस मिनिटे गेली. मधल्या काळात आपणच रिसेटचे बटण दाबण्याचे सुचवले होते, आणि मी नको म्हणालो, कारण त्यात आपल्या दिवंगत वडिलांच्या आवाजाचे रेकॉर्डिंग असल्याचे आपणच सांगितले होते आणि त्याची दुसरी प्रत कोठेही नव्हती. ही चाळीस मिनिटे मी चहा घेतला, हे कबूल. दोनदा घेतला.

आता माझी चूक. नव्या बॉक्समध्ये स्टोरेजचा पत्ता कायमचा राखून ठेवायला हवा होता, ते राहून गेले. साडेसहा वाजता आपल्याकडे पाहुणे येणार होते आणि आपण दोनदा घड्याळाकडे पाहिले, तरी ते न करता निघणे बरोबर नव्हते. सोमवारी वीज जाऊन आली, बॉक्स पुन्हा सुरू झाला, त्याने स्टोरेजला दुसराच पत्ता दिला आणि लॅपटॉपवरील नेटवर्क ड्राइव्ह, म्हणजे स्टोरेज उघडण्याचे चिन्ह, त्याला जुन्याच पत्त्यावर शोधत राहिले. चिरंजीवांनी मोबाइलच्या ॲपमध्ये नवा पत्ता पाहून लॅपटॉपवर घातला, हे त्यांनी अगदी योग्य केले आणि त्यांचे मला कौतुकच आहे. परंतु तो पत्ता मोबाइलवर दिसू शकला तो शनिवारी सर्व उपकरणे एका बॉक्सवर आणली म्हणून, आणि फोल्डर उघडले ते शनिवारीच केलेल्या पासवर्डाने, एवढे तरी लक्षात घ्यावे.

फोनबद्दल सांगायचे तर सोमवारी दुकान बंद असते, तसा फलक दारावर आहे. तरीही आपले दोन मिस्ड कॉल पाहून मी रात्री पावणेनऊला फोन केला होता, तो उचलला गेला नाही. सोमवारच्या फोनची काही तरी व्यवस्था आम्ही करत आहोत, आणि काम झाल्यावर काय केले ते कागदावर लिहून देण्याचेही पाहू.

आमचे दुकान लहान आहे, मी आणि एक मदतनीस. नवे ग्राहक हे अभिप्राय वाचूनच फोन करतात. आपण एक ताऱ्याचे दोन करावेत असे मी म्हणणार नाही, पण ‘वेळ काढला’ एवढे शब्द तरी काढता आले तर पाहावे, ही विनंती.

पत्ता राखून ठेवण्याचे काम अजून बाकी आहे. पुढच्या वेळी वीज गेली की तोच प्रकार पुन्हा होईल. मी कोणत्याही दिवशी सकाळी दहाच्या आत येऊन ते विनामूल्य करून देईन, दहा मिनिटांचे काम आहे. रेकॉर्डिंगची एक प्रत ठेवण्यासाठी वेगळी डिस्क असल्यास तीही काढून ठेवावी. शिवाय माझी तपासणीची पिवळी केबल आपल्या शोकेसच्या मागे राहिली आहे, तीही तेव्हाच घेऊन जाईन.

आपला,
दुकानमालक, कॉलेज रोड, नाशिक