माल डब्यात, तारीख घंटागाडीत

परवा मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. डोळा लालभडक आणि सारखं पाणी. डॉक्टरांनी विचारलं घरी काही घातलं का डोळ्यात, तर मामांनी ऐटीत खिशातनं ड्रॉप्सची बाटली काढून दिली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची, फेब्रुवारीत फोडलेली. डॉक्टरांनी ती बघितली आणि थेट डस्टबिनमध्ये टाकली. मला राहवलं नाही. म्हटलं, "डॉक्टर, त्याची डेट पुढच्या वर्षीची आहे की ओ, मी बघूनच दिली होती." ते म्हणाले, "ताई, ती डेट बंद बाटलीची. सील फोडलं की एक महिना. लेबलवरच लिहिलंय."

घरी तसलीच दुसरी बाटली होती. मोबाईलचा टॉर्च मारला, फोटो काढला, तो झूम केला, तेव्हा कुठं दिसलं. खरंच लिहिलंय, उघडल्यावर एका महिन्यात वापरा. डोळा त्या ड्रॉप्सनंच बिघडला असं काही डॉक्टर म्हणाले नाहीत, पण माझ्या डोक्यातनं ते जाईना. कारण मी स्वतःला लई हुशार समजत होते. दुकानात पाकीट उलटंपालटं करून तारीख शोधणारी, दह्याचा कप मागच्या रांगेतनं काढणारी बाई मी. दुकानदार मामा तर मला बघितलं की स्वतःच चष्मा पुढं करतात.

पण घरी आल्यावर आपण काय करतो ते बघा. पाकीट कात्रीनं कापायचं, स्टीलच्या डब्यात ओतायचं, पाकीट कचऱ्यात. झालं. माल डब्यात आणि तारीख सकाळच्या घंटागाडीत! बरं, डबा रिकामा असतो का, तर तेही नाही, तळाला जुनं वाटीभर असतंच, त्यावरच नवं ओततो, वर ते वापरून पुन्हा तिसरं, म्हणजे तळाचं जे आहे ते कधीचं आहे हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. त्या दिवशी घरी येऊन मी बेसनाचा डबा पेपरवर पालथा केला. वरचं पीठ एकदम छान, पिवळंधमक. तळाच्या कडेला मात्र बोटभर थर घट्ट बसलेला, चमच्यानं खरवडला तर जाळी धरलेली आणि आत दोन सोनकिडे निवांत फिरत होते. आणि याच डब्यातली भजी आठवड्यापूर्वी पाहुण्यांना खाऊ घातली होती, त्यातल्या एकानं ही पोस्ट वाचली तर माफ करा.

दुसरी गोष्ट, पाकिटावर लिहिलेलं असतं "थंड आणि कोरड्या जागी ठेवा". सोलापुरात? मे महिन्यात? पारा ४३-४४ ला गेलेला, वरच्या स्लॅबचं ऊन रात्री अकरापर्यंत खाली उतरतंय, आणि आपला सगळा किराणा कुठं तर गॅसच्या वरच्या फळीवर. त्या सहा महिने की नऊ महिने ज्या काय तारखा असतात ना, त्या पाकीट बंद असेल आणि थंड कोरड्या जागी असेल तर, या अटीवर असतात. आमच्याकडं दोन्ही अटी पहिल्याच दिवशी मोडतात.

शेंगा चटणीचंच घ्या. पुण्याला भावाला दर खेपेला अर्धा किलो पाठवते. तो म्हणतो तुमच्यापेक्षा माझ्याकडं जास्त टिकते, आम्हाला वाटायचं कौतुक करतोय. कौतुक कसलं, तो बरणी फ्रीजमध्ये ठेवतो! दाण्यात तेल भरपूर, त्याला उष्णता आणि हवा लागली की खवट होणारच, आणि आपण दर जेवणाला झाकण उघडून वर ओला चमचाही घालणार.

आत्यांचं (सासूबाईंचं) म्हणणं वेगळं. "आगं वास घेऊन बघ की, त्याला तारीख काय विचारतीस." आणि मी त्यांना खोटं नाही पाडणार, तेल, पीठ, दाणे, खोबरं यात त्यांचं नाक छापील तारखेपेक्षा भारी आहे. बेस्ट बिफोर उलटली म्हणून चांगला रवा फेकणं हा पण माज आहे, ती तारीख चवीची असते. एक्स्पायरी किंवा यूज बाय लिहिलं असेल तर मात्र नाही म्हणजे नाही. २०२० च्या लेबलिंगच्या नियमांनी पाकिटावर ही एक्स्पायरी छापणं सक्तीचं केलंय, बेस्ट बिफोर ऐच्छिक. पण नाकाला ड्रॉप्समधलं काय कळणार? पोरांचं पाणी घालून कालवायचं अँटिबायोटिक सिरप साधारण आठवडाभरच चालतं, उरलेलं पुढच्या तापाला ठेवून देणारे आमच्याच गल्लीत चार जण सापडतील. (आम्ही पण त्यातलेच होतो.)

आणि छापणाऱ्यांबद्दल तर बोलूच नका. ऑफर हाताएवढ्या अक्षरात, तारीख मात्र पाकिटाच्या चिकटवलेल्या घडीत, चमकत्या कागदावर पुसट ठिपक्यांनी, बोट फिरवलं की गायब. मेडिकलवाले गोळ्यांची स्ट्रिप कापून देतात तेव्हा तारखेचा तुकडा बरोबर त्यांच्याकडं राहतो. आता मी सांगूनच ठेवलंय, दुसऱ्या टोकानं कापा. सुट्ट्या मिठाईच्या ट्रेवर बेस्ट बिफोर लिहायचा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून आहे, पेढे घेताना विचारून बघा, काउंटरवरचा पोरगा तुमच्याकडं कसा बघतो ते. ऑनलाइन मागवणाऱ्यांसाठीही एक आहे, घरी येताना मालाची ३० टक्के मुदत किंवा ४५ दिवस शिल्लक असले पाहिजेत असं एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेनं, २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलंय.

गॅसची नळी पण बघा जाता जाता. तिचं आयुष्य पाच वर्षं, आमच्या नळीवर २०१८ होतं. सिलिंडरवर बी-२७ असलं काही असतं ती गॅसची एक्स्पायरी नव्हे, टाकीच्या तपासणीची मुदत आहे, बी म्हणजे एप्रिल ते जून.

तर आता आमच्याकडं फ्रीजवर एक मार्कर दोऱ्यानं बांधलाय. जे फोडलं त्यावर फोडल्याची तारीख लगेच, नंतर नाही, नंतर कुणी लिहीत नसतं. डब्यात ओतलं तर पाकिटावरचा तारखेचा तुकडा कापून डब्याला बाहेरनं चिकटपट्टीनं. आणि जुनं संपल्याशिवाय नवं ओतायचं नाही, हे सगळ्यात अवघड, त्यावरनं दोन भांडणं झालीत.

आत्या पहिल्या दिवशी म्हणाल्या, "दवाखान्यागत चिठ्ठ्या लावलीस की गं सगळीकडं." काल मात्र खोबऱ्याचा डबा माझ्यापुढं धरून विचारत होत्या, फोडला कधी ते वाच. मला चेव आला, मार्कर घेऊन लोणच्याच्या बरणीकडं वळले, तर हात धरला. "त्याला नाही लावायची. कारहुणवीच्या (आमच्याकडचा बैलांचा सण) आदल्या दिवशी घातलंय, नळाला पाणी यायचा दिवस होता आणि तू झोपली होतीस."